दाराच्या डावीकडे दोन दिवे

राहायूला मुलगी झाली त्या दिवशी तिचा नवरा बागास वारेचं मडकं घेऊन इस्पितळातून स्कूटरवर आला. स्कूटर त्याचा भाऊ चालवत होता. बागास मागे बसलेला, एका हाताने मडकं छातीशी धरलेलं आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री. शहरापासून आमच्या तेगालसारी गावापर्यंतच्या रस्त्यावर लोक त्याला हसले असतील, पण मला मात्र ते पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा आवडलं. बँकेत नोकरी, कडक इस्त्रीचे शर्ट. मला वाटलं होतं हा नाक मुरडेल. त्याने मुरडलं नाही. आंघोळ करून, धुतलेला सारोंग नेसून, डोक्याला फडकं बांधून तो अंगणात उभा राहिला आणि कुठे खणू म्हणून विचारू लागला.

मुलाची वार दाराच्या उजवीकडे पुरतात, मुलीची डावीकडे. पुरायची ती बापानेच, दुसऱ्या कुणी नाही. वार म्हणजे बाळामागून पोटातून येणारं त्याचं धाकटं भावंड. त्याला मीठ, तांदूळ, सुई-दोरा, फुलं देऊन झोपवायचं आणि महिनाभर त्याच्या डोक्याशी दिवा जळत ठेवायचा, म्हणजे ते अंधाराला घाबरत नाही आणि बाळ रात्री रडत नाही. एवढं बागासला ठाऊक होतं. पण मी त्याच्या हातात दोन दिवे दिले तेव्हा तो घुटमळला.

"मावशी, मूल एकच झालंय."

"मला मोजता येतं," मी म्हटलं. "एक तुझ्या मडक्यावर ठेव. दुसरा तिथे, भिंतीलगतच्या त्या सपाट जागेवर."

"तिथे काय पुरलंय?"

"काही नाही."

"मग दिवा कुणाला?"

"आमच्या घरची रीत आहे. खण तू, ऊन चढतंय."

बिचारा खणायला लागला. मी आत गेले, दार ओढून घेतलं, आणि इस्पितळातून गाडीने आधीच घरी आणलेल्या राहायूच्या उशाशी बसले. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण सुलास्त्री, बाळाला पोटाशी घेऊन बसली होती. बाहेर कुदळीचा आवाज सुरू झाला. आमच्या घरात ही गोष्ट याच वेळी सांगतात: पुरुष बाहेर खणत असतो तेव्हा, नव्या आईला, पहिल्या बाळंतपणात. मला माझ्या आईने सांगितली, आईला आजीने. पुरुषांना सांगत नाहीत. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तिच्यावर कधीच भाषण ठोकलं असतं.

गोष्ट आहे कासिराची. माझ्या आजीची आई.

तेव्हा जावावर डच गोऱ्यांचं राज्य होतं. कासिराचा बाप साखर कारखान्याच्या उसावर राबणारा साधा गडी होता. त्याला मुकादम व्हायचं होतं. कारखान्याचा मोठा साहेब, तुवान फेरहूफ, नव्याने हॉलंडहून आलेला, एकटा. बापाने पंधरा वर्षांच्या लेकीला न्हाऊ-माखू घालून, तिची वेणी घालून, साहेबाच्या बंगल्यावर नेऊन सोडली. पुढच्या तोडणीला तो मुकादम झाला. गावात कुणी त्याला नावं ठेवली नाहीत; ज्यांच्या मुली दिसायला बऱ्या होत्या त्यांनी तर हेवा केला. मी त्या माणसाचं नावसुद्धा घेत नाही. घरातली इतर मंडळी त्याच्या थडग्यावर फुलं टाकतात, मी पुढे निघून जाते.

गोऱ्या साहेबाचं घर सांभाळणारी आणि त्याच्या अंथरुणात झोपणारी बाई, तिला न्याई म्हणत. किल्ल्या तिच्या कमरेला, नोकर तिच्या हाताखाली, पण साहेबाकडे पाहुणे आले की ती मागच्या ओट्यावर. कासिराने ते सगळं निमूट केलं. वर्षभराने तिला मुलगी झाली. तुवानने नाव ठेवलं डोरा. वार पुरायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, असला घाणेरडा प्रकार मी करणार नाही, आणि माझ्या पुढच्या दाराशी तर मुळीच नको. तेव्हा मुकादम बापाने ती मागे, स्वयंपाकघराच्या पायऱ्यांच्या डावीकडे पुरली. गावची सुईण, गिनेम म्हातारी, तेव्हाच म्हणाली की बाप असताना आजाने पुरली, हे काही बरं झालं नाही.

तुवान मारझोड करणारा नव्हता. डोरावर त्याचा जीव होता. तिला तो खांद्यावर बसवून उसातून फिरवायचा. त्याने शहरात जाऊन कागद केला आणि मुलगी आपली असल्याचं लिहून दिलं. कासिराला वाटलं, पोरीचं भलं झालं. तिने त्या दिवशी सणासुदीचा पिवळा भात रांधून नोकरांना वाढला. त्या काळचा कायदा तिला कुणी सांगितला नव्हता. बापाने कागदावर मूल आपलं म्हटलं की ते मूल गोरं व्हायचं, आणि मग त्याच्यावर आईचा काही हक्क राहायचा नाही. स्वतःच्या लेकीचा ताबा जाण्याचा गोडधोड समारंभ बाईने स्वतःच्या हाताने केला. मला अजून त्या पिवळ्या भाताचा राग येतो.

डोरा सहा वर्षांची झाली तेव्हा तुवानचं लग्न ठरलं. हॉलंडहून बायको बोटीने निघाली होती. त्याने कासिराला बोलावून सांगितलं की तिने आता गावात जावं, शिवणयंत्र आणि कापडाचे तागे बरोबर न्यावेत. डोरा सेमारांगला ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत जाईल आणि मोठी झाली की हॉलंडला. तो हे अगदी हळू आवाजात बोलला. कासिराने एवढंच विचारलं, की मी तिला भेटायला जाऊ का. तो म्हणाला, त्याने मुलीचं मन कच्चं होईल.

डोराला सांगण्यात आलं की आज आगगाडी बघायला जायचंय. ती नवे बूट घालून, आनंदाने घोडागाडीत बसली. गाडी हाकणारा सातिमान. हा सातिमान कारखान्याचा गाडीवान, तरुण, अबोल, त्याच वर्षी त्याचं पलीकडच्या गावातल्या मुलीशी लग्न ठरलेलं. डोराने गाडीतून हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "म्बोक, मी आले की तुला इंजिन कसं दिसतं ते सांगेन." म्बोक म्हणजे आई. सातिमान संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परतला. घोडे सोडताना कासिरा समोर आली तर त्याने मान खाली घातली. पोरगी स्टेशनावर किती रडली ते त्याने तिला कधीच सांगितलं नाही.

बापाच्या झोपडीत गेल्यावर कासिराला कळलं की तिला दिवस गेलेत.

इथे सुलास्त्रीने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. राहायू पडल्या पडल्या छताकडे बघत होती. बाहेर कुदळ दगडाला लागली आणि बागास काहीतरी पुटपुटला.

पोट दिसायला लागलं तशी बातमी बंगल्यावर गेली. तुवानने आपला कारकून पाठवला. कारकून आपलाच, जावानी, पण गोऱ्यांसारखा कोट घालणारा. त्याने मुकादमाच्या ओट्यावर बसून निरोप दिला: मूल तुवानचं असेल तर तुवान जबाबदारी टाळणार नाही. गोऱ्या रक्ताचं मूल चिखलात वाढता कामा नये. जन्मल्यावर दूध सुटलं की तेही सेमारांगला जाईल, बहिणीपाशी. मुकादमाला तर आकाश ठेंगणं झालं. दोन गोरी नातवंडं म्हणजे त्याचं मुकादमपण मरेपर्यंत पक्कं.

कासिरा आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली, कारकुनासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मूल तुवानचं नाही. सातिमानचं आहे."

बापाने तिला तिथेच लाथ घातली. कारकुनाने विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, "बंगल्यात होते तेव्हापासून." असं म्हटलं म्हणजे काय होतं ते तिला समजत होतं. त्या दिवसापासून ती तुवानचं मीठ खाऊन गाडीवानाशी निजणारी बाई झाली. तुवानने शिवणयंत्र परत मागवलं. विहिरीवर बायकांनी तिच्यासाठी दोर ठेवणं बंद केलं. मुकादमपण काही गेलं नाही, पण बापाने तिला गुरांच्या छपरात झोपायला लावलं.

आणि सातिमानला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला तबेल्यातून ओढून तुवानसमोर उभं केलं. खरं का, म्हणून विचारलं. तो एक शब्द बोलला असता तर सुटला असता. ठरलेली मुलगी होती, नोकरी होती, घोडे होते. घोड्यांवर त्याचा फार जीव होता. आजी म्हणायची, त्याने तुवानकडे पाहिलंच नाही. तो खाली पायऱ्यांकडे बघत होता, जिथे बसून डोरा बूट घालायची. मग त्याने मान हलवली, हो म्हणून. त्याच्याच चाबकाने त्याला झोडपला आणि हाकलून दिला. ठरलेलं लग्न मोडलं.

आठवड्याने तो गुरांच्या छपराशी आला. पाठ अजून ओली होती. कासिराने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "स्टेशनावर तिने माझी बाही धरली होती. मी सोडवून घेतली. आता हे पोर तरी तुझं राहू दे." यापलीकडे तो त्या विषयावर आयुष्यात बोलला नाही.

त्यांनी लग्न केलं आणि गावाबाहेर, ओपाक नदीच्या बाजूला बांबूचं घर बांधलं. आज आपण बसलोय ना, हीच ती जागा. लग्न झाल्यावर कासिराने नवऱ्याकडे पहिली मागणी केली ती वेगळीच. बंगल्यातली डोराची वार उकरून आण, म्हणाली. गोऱ्या मडमेच्या नोकरांनी त्या पायऱ्यांपाशी उद्या कोंबड्यांचं खुराडं बांधलं तर? गिनेम म्हातारीने कानाला हात लावला. झोपवलेल्याला उठवू नये, म्हणाली. ज्याचं मडकं हलवलं त्याचे पाय कुठेच ठरत नाहीत, ना या घरी ना त्या घरी. कासिराने ऐकलं नाही. तिचा हिशेब सरळ होता: मडकं जिथे, तिथे मूल कधी ना कधी परत येतं. माळ्याला हाताशी धरून सातिमानने ते आणलं. आत मातीच उरली होती. कासिराने ते या दाराच्या डावीकडे, भिंतीलगत पुरलं, वर एक चपटा दगड ठेवला आणि रोज सांजेला त्यावर दिवा लावायला लागली. दुसरं काही मागायची नाही. पोरगी परत येऊ दे, एवढंच.

मग आजी जन्मली. कारकून आणि मुकादम बाहेर अंगणात येऊन बसलेच होते, रंग बघायला. गिनेमने बाळाला आधी हळद-तांदळाच्या लेपात नखशिखान्त माखलं आणि मगच दाराशी आणून दाखवलं. लेप लावायची पद्धत आहेच आपल्याकडे, कुणी बोलू शकत नव्हतं. पण कारकून हलेना. तो कशाची वाट बघत होता ते सगळ्यांना माहीत होतं. वार कोण पुरतो ते त्याला बघायचं होतं.

दुसऱ्याच्या मुलाची वार आपली म्हणून पुरली तर काय होतं ते आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. ते भावंड जमिनीखाली तळमळतं. पुरणाऱ्याला पुढे स्वतःचं मूल होत नाही, म्हणतात. तोंडाने माणूस हजार वेळा खोटं बोलेल, पण हे करायला कुणी धजावत नाही. कोट घातला म्हणून काय झालं, कारकूनही याच मातीतला. त्याला हे तुवानपेक्षा चांगलं कळत होतं. सातिमान आंघोळ करून बाहेर आला. धुतलेला सारोंग, डोक्याला फडकं, मडकं उजव्या हातावर कापडाने झाकलेलं, वर छत्री. अंगणातल्या एवढ्या लोकांसमोर त्याने दाराच्या डावीकडे, त्या चपट्या दगडाशेजारी, खड्डा खणला, मडकं ठेवलं, प्रार्थना म्हटली, माती लोटली आणि दिवा लावला. कारकून उठला, कोट झटकला आणि बंगल्यावर जाऊन सांगितलं की मूल गाडीवानाचंच आहे, शंका नको.

"आणि त्यांना पुढे मुलं?" राहायूने विचारलं.

नाही झाली. का, ते आम्ही विचारत नाही.

आजीचं नाव सुगियेम. कासिराने तिला पाळण्यात ठेवलं नाही, उन्हात ठेवलं. भाताच्या बांधावर, उसाच्या पाचटात, उघड्या अंगाने. रंग रापला. डोळे मात्र रापत नाहीत. आजीचे डोळे घारे होते, शेवटपर्यंत. म्हणून तिला चालायला येण्याआधी मान खाली ठेवायला शिकवलं. मोठ्यांसमोर आपल्या मुली नजर वर करत नाहीत हे खरंच, पण सुगियेम कुणाहीसमोर करायची नाही. गावातल्या बायका तिच्याकडे बोट दाखवून स्वतःच्या मुलींना म्हणायच्या, बघा, न्याईची पोर असून किती सालस आहे. आजीला मान दुखायची. एकदा तिने विचारलं तर आईने चापट मारली, आणि नंतर मागच्या बाजूला जाऊन ती स्वतःच रडत बसली.

सुगियेम अकरा वर्षांची असताना, एका दुपारी, घोडागाडी दाराशी थांबली.

उतरली ती पांढऱ्या पोशाखातली तरुण गोरी मुलगी. टोपी, हातमोजे. कासिरा भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि तिला बसल्या जागेवरून उठताच येईना. रोज सांजेला जे मागितलं ते दारात उभं होतं.

डोरा जावानी विसरली होती. बाजारात चालते ती मलायू भाषा बोलत होती, तीही अडखळत. एकच शब्द नीट आठवत होता, तो ती दारातून म्हणाली: "म्बोक." मग तिने कासिराचे दोन्ही हात धरले. ती पुष्कळ बोलली. जोगिणी बऱ्या होत्या. पुढे पप्पाही कारखाना सोडून हॉलंडला परतले होते; तिथे थंडी फार, आणि सावत्र आईच्या घरी पाहुणे आले की तिला वरच्या खोलीत बसवायचे. जेवायच्या मेजाशी सगळ्यांसमोर बसायचं नाही, असं पप्पा म्हणायचे. आता ती परतली होती, सुराबायात एका कारखानदाराशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि त्याआधी तिला आई बघायची होती. पप्पांनी तिला सांगितलं होतं की तुझी आई गाडीवानाबरोबर पळाली. "मी कधीच खरं मानलं नाही," डोरा म्हणाली. "एकदाही नाही."

सातिमान मागच्या दाराशी उभा होता. त्याला डोराने ओळखलं नाही.

तेवढ्यात सुगियेम नारळाचं पाणी घेऊन आली. उकिडवी सरकत, मान छातीला टेकलेली, जशी शिकवली तशी. डोरा तिच्याकडे बघतच राहिली. तिचे कान, तिचं कपाळ, मनगटाची हाडं. डोरा हळूहळू सरळ झाली आणि तिच्या तोंडावर असा आनंद आला की, आजी सांगायची, खाली बघत असूनही मला तो कळला.

"ही माझी बहीण आहे," डोरा म्हणाली. "पप्पांची आहे. हो ना, म्बोक? मी पप्पांना लिहीन, ते कागद करतील. नाही केला तर मी भांडेन. हिला मी माझ्याकडे सुराबायाला नेते. शाळा, बूट, सगळं. मला तिथे माझं असं कुणीच नाही." आणि ती सुगियेमला म्हणाली, "वर बघ ना जरा."

सुगियेमने वर बघितलं नाही. कासिराने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो हात जड होता.

"हिची मान कधी वर होत नाही का?"

"आमच्या मुलींची होत नाही," कासिरा म्हणाली.

डोराने पुन्हा विचारलं. या वेळी हळू, लहान मुलासारखं. खरं सांग, पप्पांचीच ना?

कासिराने हो म्हटलं असतं तर डोरा तिची राहिली असती. लेक उठून गळ्यात पडली असती, लग्नानंतर वर्षातून एकदा आली असती, आई निर्दोष होती हे तिला कळलं असतं. आणि मग कागद झाला असता, आणि एक दिवस दुसरीही नवे बूट घालून आगगाडी बघायला गेली असती. डोराच्या मनात पाप नव्हतं. तुवानच्याही मनात नव्हतं, तेव्हा.

"नाही," कासिरा म्हणाली. "ही सातिमानची आहे. तुझ्या बापाने तुला खरं सांगितलं."

डोराने हात सोडले. मग ती म्हणाली, "मी तिथे सगळ्यांशी तुझ्यासाठी भांडले." आवाज चढवला नाही तिने. सातिमानकडे तिने एकदा पाहिलं आणि तेव्हा बहुधा तिला तो आठवला, गाडी, स्टेशन, बाही, सगळंच, कारण ती लालबुंद झाली आणि बाहेर पडली. दाराबाहेर तिला रडू आवरेना, म्हणून ती तिथेच क्षणभर भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या पांढऱ्या बुटाचा पाय त्या चपट्या दगडावर होता. कासिरा आतून बघत होती. दगडाखाली तू आहेस, रोज तुझा दिवा लावते, एवढंच सांगायचं होतं. तिने तोंडात पदर कोंबला. गाडी गेली.

राहायूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कानात जात होतं. मी पुसलं नाही. हे इथे वाहायचंच असतं.

त्याच दुपारी कासिराने दगड बाजूला केला आणि हातांनी माती उकरायला लागली. सातिमान कुदळ घेऊन आला, मी करतो म्हणाला, हे बापाचं काम आहे. ती म्हणाली, "तू माझ्यासाठी एकदा खोटं पुरलंस, ते पुरे झालं. हे माझं मला करू दे." तिने मडकं काढलं, पदरात बांधलं आणि ओपाकवर गेली. आपल्यात ज्याने दूर जाऊन भरभराट करावी असं वाटतं, त्याची वार नदीत सोडतात. मग त्याला घराची ओढ लागत नाही. कासिरा कमरेभर पाण्यात उभी राहिली, मडक्यावर दिवा ठेवला, फुलं ठेवली आणि सोडून दिलं. वळणापर्यंत दिवा दिसला. काठावर सुगियेम उभी होती. तिला वाटलं आई काहीतरी नवस फेडतेय. आई पाण्याला म्हणत होती, "जा बाई, इथे येत जाऊ नकोस. इथे तुला आपलं म्हणणारं कुणी नाही."

डोरा परत आली नाही. तिचं पुढे काय झालं ते आम्हाला माहीत नाही.

आजीला हे सगळं कळलं ते तिच्या पहिल्या बाळंतपणात, आजोबा बाहेर खणत असताना. ऐकून ती आईशी महिनाभर बोलली नाही. आयुष्यभर तिने ऊस तोडला, तिला स्वतःची सही येत नव्हती, हातांची बोटं वाकडी झाली होती. ती म्हणायची, आईने मला वाचवलं की बुडवलं ते मला कळत नाही. पण त्या दुपारी मी वर बघितलं असतं तर बहिणीचं तोंड तरी दिसलं असतं. तेच तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. शाळा नाही, बूट नाही. तोंड.

कासिरा मेली तेव्हा ती भिंतीलगतची जागा रिकामीच होती. आजीने पहिल्या लेकीच्या वेळी तिथे एक जास्तीचा दिवा लावला, तेव्हापासून आम्ही लावतो.

कुदळ थांबली होती. बागास दार ढकलून आत आला, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. सगळ्या बायका रडताना बघून तो गांगरला.

"काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"बाळ छान आहे," सुलास्त्री म्हणाली. "दिवे लावलेस?"

"लावले. पण मावशी, त्या रिकाम्या जागेवरचा वाऱ्याने सारखा विझतोय. राहू दे का तो?"

माझ्या आधी राहायू बोलली. अजून उठून बसायची ताकद नव्हती तिला.

"नको," ती म्हणाली. "परत लाव. आडोसा कर त्याला, आणि तिथे पाय देऊ नकोस."